शिलाई मशीनचे चारशे रुपये

माझी खाला सोलापुरात भाड्याच्या एका खोलीत राहते. खालू गेल्यापासून ती शिवणकाम करते: ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश, फॉल-पिको. मार्च २०२५ मध्ये तिच्याकडे गेलो होतो, तेव्हा दाराच्या फटीतून घरमालकाने सरकवलेली चिठ्ठी पाहिली. पेन्सिलीने लिहिलं होतं: १०९ गुणिले १४, बरोबर १५२६. त्याखाली 'मशीन ४००'. एकूण १९२६.

मी विचारलं, "खाला, हे चौदा कुठून आले?"

"रेट आहे त्यांचा."

"आणि हे चारशे?"

"मशीन चालवते ना मी. करंट खातं म्हणतात."

दोन वर्षं ती हे चारशे भरत होती. गणवेशाच्या किती शर्टांची शिलाई त्यात जाते, ते तिला तोंडपाठ होतं. मशीन किती करंट खातं, हे मात्र तिने कधी विचारलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मीही नाही. मी इंजिनिअरिंगची डिग्री घेतलेला माणूस. तीन वर्षांपूर्वी फॅमिली ग्रुपवर 'चार्जर प्लगमधून काढून ठेवा, बिल निम्मं होईल' असा मेसेज पुढे ढकलणारा मीच होतो. त्या रात्री माझ्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये एसी चालू होता.

दोस्तांनो, मला भांडायचं आहे ते याच सवयीशी. विजेवरून आपल्या घरांत रोज बोलाचाली होते आणि हिशेब कुणीच करत नाही. हिशेब नसला की दोष घरातल्या सगळ्यात कमजोर माणसावर जातो. अभ्यासाला बसलेल्या बहिणीचा पंखा, अम्मीचा मिक्सर, भाडेकरणीचं मशीन. अब्बांचा जुना फ्रिज किंवा थोरल्या भावाचा एसी कुणाच्या तोंडी येत नाही. आमच्या घरी परीक्षेच्या दिवसांत आपाच्या खोलीतला पंखा अब्बा येताजाता बंद करायचे आणि ती वहीने वारा घेत गणितं सोडवायची. त्या पंख्याचा एका रात्रीचा खर्च तेव्हा चहाच्या एका कपाइतकासुद्धा नव्हता. आज हे मी आकड्यांनी सांगू शकतो. तेव्हा सातवीचं विज्ञान सगळ्यांनाच येत होतं, पण घरात ते कुणी वापरलं नाही.

हिशेब अगदी साधा आहे. हजार वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट. वॅट गुणिले तास, भागिले हजार. साधा छताचा पंखा ७५ वॅटचा. तो रात्रभर, म्हणजे आठ तास चालला तर ६०० वॅट-तास, ०.६ युनिट. इस्त्री हजार वॅटची, पण ती चालते अर्धा तास, म्हणून अर्धा युनिट. मिक्सर ५०० वॅटचा, रोज आठ मिनिटं. महिन्याला दोन युनिट. मिक्सरचा आवाज मोठा असतो म्हणून तो खर्चिक वाटतो. पंखा गप्प फिरत राहतो, दिवसाला पंधरा तास, आणि महिन्याला ३४ युनिट घेऊन जातो.

आता तो चार्जर. मोबाइलची बॅटरी ५००० मिलिअँपिअर-तासांची धरा. ती पूर्ण भरायला, वाया जाणारी वीज धरूनही, साधारण २५ वॅट-तास लागतात. रोज एकदा भरली तर वर्षाला नऊ युनिट. वर्षाला! माझा एसी आठ तासांत सहा युनिट घेतो, मी मोजलं आहे. एका मोबाइलची वर्षभराची वीज मी दीड रात्रीत संपवतो. मोबाइल न लावता नुसता प्लगमध्ये राहिलेला चांगला चार्जर तर वर्षभरात एक युनिटसुद्धा घेत नाही. म्हणून तो मेसेज पुन्हा आला तर पुढे ढकलू नका. आग लागू नये म्हणून चार्जर काढा, जरूर काढा. बिलाचं नाव सांगू नका.

बंद टीव्हीचंही तसंच आहे. टीव्ही स्टँडबायवर फार थोडी वीज घेतो. त्याच्या शेजारचा सेट-टॉप बॉक्स मात्र रिमोटने बंद केला तरी जागाच असतो. खालाकडचा बॉक्स ११ वॅट घेत होता, चोवीस तास. महिन्याला आठ युनिट. तिचा टीव्ही रोज चार तास चालून सहा युनिट घेतो. म्हणजे टीव्ही पाहण्यापेक्षा न पाहण्याची वीज जास्त. भिंतीवरचं बटण दाबलं की विषय संपला.

एक डबी आणखी आहे. आठवडी बाजारात आणि ऑनलाइन 'पॉवर सेव्हर' म्हणून विकली जाते. प्लगमध्ये लावा, हिरवा दिवा लागतो, बिल कमी होतं म्हणे. माझ्या मामूंनी आणली होती, मी फोडली. आत एक कपॅसिटर, दिव्यासाठी छोटं सर्किट, बाकी हवा. कपॅसिटरने पॉवर फॅक्टर सुधारतो, कारखान्यांना त्याचा उपयोग होतो. घरचं बिल किलोवॅट-तासांवर येतं, आणि त्या आकड्याला या डबीने काडीचा फरक पडत नाही. उलट तो हिरवा दिवा तेवढी वीज खातो. मामू अजून माझ्यावर नाराज आहेत.

वस्तूच्या पाटीवर लिहिलेले वॅट नेहमी खरे नसतात, हे मान्य. फ्रिजच्या पाटीवरून तर काहीच कळत नाही, कारण त्याचा कॉम्प्रेसर चालू-बंद होत राहतो. फ्रिजवर चिकटवलेल्या तारांच्या लेबलवर वर्षाचे युनिट दिलेले असतात, ते बाराने भागा. मात्र दाराचं रबर फाटलेला पंधरा वर्षांचा फ्रिज त्या लेबलला जुमानत नाही. एसीच्या लेबलवरचा वर्षाचा आकडा तर १६०० तासांच्या वापरावर काढलेला असतो. तुम्ही त्याहून जास्त चालवत असाल तर त्या प्रमाणात वाढवा. गीझरचं गणित पाण्यावरून होतं: पंधरा लिटरची बादली पंधरा अंशांनी तापवायला पाव युनिटच्या थोडं वर. त्यापुढे जे जातं ते टाकीतलं पाणी दिवसभर गरम ठेवण्यात. म्हणून आंघोळ झाली की गीझर बंद करायला सांगणारी अम्मी बरोबर असते. आपण तिचं कधी ऐकलं नाही, हा भाग निराळा.

पाटीवर भरवसा नसेल तर मीटरलाच विचारा. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी '३२०० इम्पल्स प्रति किलोवॅट-तास' अशा अर्थाचं काहीतरी इंग्रजीत छापलेलं असतं. (काही मीटरवर १६०० असतं, पाहून घ्या.) ३२०० लुकलुकी म्हणजे एक युनिट. घरातलं सगळं बंद करा, एकच वस्तू चालू ठेवा आणि मोबाइलच्या घड्याळावर दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा. ३२०० च्या मीटरवर ११२५ ला त्या सेकंदांनी भागलं की वॅट मिळतात. पंधरा सेकंद आले तर ७५ वॅट: तुमचा पंखा. एकच सेकंद आला तर अकराशेच्या वर: इस्त्री. यंत्र विकत घ्यायला नको, वायरमन बोलवायला नको. सगळं बंद असतानाही दिवा लुकलुकत राहिला, तर कुठेतरी काहीतरी चालू आहे किंवा गळती आहे. तेव्हा मात्र वायरमनला बोलवा.

त्या दिवशी आम्ही हेच केलं. खालाच्या खोलीला घरमालकाने वेगळा सबमीटर लावला आहे. दिवा लावला नाही, पंखा बंद, फ्रिजची पिन काढलेली. खालाने पायडल पूर्ण दाबून धरलं, मी दाराबाहेर मीटरसमोर उभा. अकरा सेकंदांना एक लुकलुक. १०२ वॅट.

ती दिवसाला पाच तास मशीनवर बसते, महिन्याला सव्वीस दिवस. पायडल सतत दाबलेलं राहिलं असं धरलं तरी १३ युनिट होतात. पण कुठलीही शिवणारी बाई पाच तास पायडल दाबून बसत नाही. कापड फिरवते, टाके सोडते, दोरा ओवते, दाराशी आलेल्या गिऱ्हाइकाशी बोलते. म्हणून तिच्या नेहमीच्या कामाचा एक तास मोजला. १५० लुकलुकी. ४७ वॅट-तास. महिन्याचे सहा युनिट.

सहा युनिटांचे चारशे रुपये!

याहून वाईट गोष्ट तर हिशेब मांडल्यावर लक्षात आली. ते सहा युनिट सबमीटरमधूनच गेलेले आहेत. १०९ मध्ये ते आधीच मोजले आहेत आणि त्यांचे १४ रुपये दराने पैसेही लागले आहेत. म्हणजे चारशे पूर्णच वरचे.

पंखा ३४, फ्रिज ३०, सेट-टॉप बॉक्स ८, दिवे ७, टीव्ही ६, मशीन ६, इस्त्री ३, मिक्सर २, तीन मोबाइल २. माझी बेरीज ९८ आली, मीटर १०९ म्हणत होता. दहा टक्के चुकलो. घरच्या अंदाजाला एवढी चूक चालते. वापर साधारण जुळला, म्हणजे सबमीटर फार पळत नव्हता. गोम रुपयांत होती.

मी तावातावाने घरमालकांकडे गेलो. मनात ठरलेलं होतं की माणूस लुटारू आहे. वयस्कर गृहस्थ, मोहल्ल्यात मान असलेले. त्यांनी चहा दिला आणि कपाटातून बिल काढून माझ्यासमोर ठेवलं. चार खोल्या, जिन्याचा दिवा, पाण्याचा पंप, सगळं एकाच मीटरवर. महिन्याचे युनिट ४५२. रक्कम सुमारे ६,२६०. चारही सबमीटरची बेरीज ४२०. चौदाने गुणलं की ५,८८०. साधारण चारशे कमी पडत होते.

"मग ते कुठून भरू, बेटा?"

कमी पडणारे ३२ युनिट जिन्याचे आणि पंपाचे होते. पाणी चारही घरं भरतात. पण चार घरांत एकाच घरात कर्ता पुरुष नाही, आणि त्याच घरात मशीन आहे, जे दिसतं, ज्याचा आवाज येतो. चौघांच्या पंपाचं बिल एकट्या शिवणाऱ्या बाईच्या मशीनवर लावलं गेलं. कुणी कट केला नव्हता. वजाबाकी केली, आकडा उरला, आणि तो कुणावर टाकायचा हे कुणाला विचारावंही लागलं नाही.

आता चौदा रुपयांकडे येतो, कारण खरा घाव तिथे आहे.

महावितरणच्या घरगुती बिलात दर टप्प्याटप्प्याने चढतात. २०२४-२५ च्या दरांत पहिल्या १०० युनिटांना वीज आकार ४.७१ रुपये, १०१ ते ३०० ला १०.२९, ३०१ ते ५०० ला १४.५५. प्रत्येक युनिटवर १.१७ वहन आकार. महिन्याचा स्थिर आकार १२८. या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. (इंधन समायोजन आकार महिन्यागणिक बदलतो, तो मी धरलेला नाही. दरही पुढे बदलले आणि बदलत राहतील. मुंबईत तर कंपनी बदलली की दर बदलतात. तुमच्या बिलाच्या मागे छापलेले आकडे घ्या, रीत हीच.) शुल्कासह पाहिलं तर पहिल्या टप्प्यातलं युनिट ६.८२ ला पडतं, दुसऱ्यातलं १३.२९ ला, तिसऱ्यातलं १८.२४ ला.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे: ३०१ वं युनिट झालं की सगळी ३०१ युनिटं वरच्या दराने लागतात. तसं नाही. वरचा दर फक्त वरच्या युनिटांना. त्या भीतीने महिनाअखेरीला फ्रिज बंद करून दूध नासवलेली घरं मी पाहिली आहेत. पण याचाच दुसरा अर्थ असा, की तुम्ही वाचवता ते युनिट नेहमी सगळ्यात वरचं, म्हणजे सगळ्यात महाग असतं. एकूण बिल भागिले एकूण युनिट अशी सरासरी काढून 'पंख्याचा खर्च' सांगणारे म्हणूनच चुकतात. साध्या ७५ वॅटच्या पंख्याजागी ३० वॅटचा बीएलडीसी पंखा लावला आणि तो रोज सोळा तास चालला, तर महिन्याला २१ युनिटं वाचतात. अडीचशे युनिटांच्या घरात ते २८० रुपये झाले. नव्वद युनिटांच्या घरात १४५. अडीच-तीन हजारांचा पंखा पहिल्या घरात वर्षभरात वसूल होतो, दुसऱ्या घरात दीड-दोन वर्षं लागतात.

पहिल्या शंभर युनिटांचा दर कमी का ठेवला? गरीब घराला परवडावं म्हणून. खालाचं घर १०९ युनिटांचं, म्हणजे हा दर जिच्यासाठी केला तीच. तिच्या नावाचा मीटर असता तर त्या महिन्याचं बिल सगळं मिळून ९५० रुपये आलं असतं. ती भरत होती १९२६.

कारण चार गरीब घरं एका मीटरला जोडली की मीटरच्या लेखी ते एक श्रीमंत घर होतं. स्वस्त शंभर युनिटं चौघांत मिळून एकदाच मिळतात. उरलेली तीनशे-साडेतीनशे दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यात. मी घरमालकांसमोरच कागदावर मांडलं: चार खोल्यांना चार मीटर आणि जिना-पंपाला पाचवा, पाचही स्थिर आकार धरून, महिन्याला सुमारे ३,९५५. आत्ता ६,२६०. दर महिन्याला तेवीसशे रुपये, वर्षाला सत्तावीस हजारांच्या वर, चार घरांतून निघून जातात. घरमालकाच्या खिशात त्यातला रुपया पडत नाही. त्यांनी कागद दोनदा पाहिला आणि गप्प बसले.

या इमारतीसारख्या किती इमारती तुमच्या गल्लीत आहेत, मोजून पाहा. कोंढवा, मुंब्रा, भिवंडी, मालेगाव, मिरज, नांदेड, कुठेही. भिवंडीत २००७ पासून आणि मालेगाव, मुंब्र्यात २०२० पासून वीज वाटप फ्रँचायझीकडे आहे, तरी दर आयोगाने ठरवलेले तेच, टप्पेही तेच. आणि याच वस्त्यांबद्दल बाहेर काय बोललं जातं हेही आपल्याला माहीत आहे: 'तिकडे सगळे आकडे टाकतात.' टाकतात काही जण. आपण ते लपवू नये, आणि जो टाकतो त्याची बाजूही घेऊ नये. त्याच्यामुळे ट्रान्सफॉर्मर जळतो तेव्हा अंधार सगळ्या गल्लीत होतो. पण पंधरा-पंधरा वर्षं चौदा रुपयांनी युनिट विकत घेणारी माझी खाला त्याच गल्लीत राहते. सरकारने तिला ठरवून दिलेल्या दराच्या दुप्पट ती भरते आणि वर वीजचोरांच्या वस्तीतली म्हणून बोलणीही खाते. तिच्या बाजूने बोलायचं तर हातात कागद हवा. घोषणांनी हे होणार नाही.

आपल्यातले शिकलेले काय करतात? मी काय केलं? पुण्यात बसून चार्जरचा मेसेज पाठवला. कोडिंग येतं, एक्सेल येतं, कंपनीचं क्लाउडचं बिल कमी केल्याबद्दल मला बक्षीस मिळालेलं आहे. कुठला सर्व्हर रिकामा चालतोय ते मी मिनिटामिनिटाला पाहतो. घरच्या बिलाच्या मागच्या बाजूला काय छापलं आहे, हे मात्र पस्तिशी जवळ आली तरी वाचलं नव्हतं. 'बिल ना, अब्बा भरतात.' ही आपली पिढी.

कायद्याची बाजू भाडेकरूला वाटते तितकी कमजोर नाही. वीज कायदा २००३ चं कलम ४३ म्हणतं की जागेच्या मालकाने किंवा भोगवटादाराने अर्ज केला तर वीज कंपनीने जोडणी द्यायची. भोगवटादार म्हणजे जो तिथे राहतो तो. सर्वोच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये सांगितलं की वीज ही मूलभूत सोय आहे, आणि घरमालक ना-हरकत पत्र देत नाही एवढ्यावर भाडेकरूला ती नाकारता येणार नाही. अर्जदार त्या जागेत राहतो का, एवढंच पाहायचं. 'शिवणकाम म्हणजे धंदा, मग व्यावसायिक मीटर लागेल' अशी भीती खालाला घातली गेली होती. तीही खोटी. राहत्या घराच्या काही भागात कामधंदा करणाऱ्याचा वापर महिन्याला ३०० आणि वर्षाला ३६०० युनिटांच्या आत असेल, तर त्याला घरगुती दरच लागतो, असं वीज नियामक आयोगाच्या दर आदेशात लिहिलेलं आहे. गंमत पाहा: स्वतःच्या मीटरवर खाला या मर्यादेच्या कितीतरी आत आहे, आणि सामाईक मीटरचे ४५२ युनिट तिच्या बाहेर.

मग अडतं कुठे? राहतो याचा पुरावा आणायचा कुठून, इथे अडतं. खालाकडे भाडेकरारच नाही. 'आपल्याच लोकांत कागद कशाला' म्हणून तोंडी बोलणं झालं, डिपॉझिटही हातात दिलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेला असायला हवा आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे, हे मी सांगितलं तेव्हा खोलीत शांतता पसरली. घरमालकांना वाटतं, मीटर भाडेकरूच्या नावावर गेला की खोलीही गेली. विजेच्या बिलाने मालकी मिळत नाही, पण ही भीती आपल्या मोहल्ल्यांत कायद्याच्या पुस्तकापेक्षा जुनी आहे. आणि खालाला वाटतं, जास्त बोललो तर खोली सोडावी लागेल. कायदा तिच्या बाजूने आहे. दाराची दुसरी किल्ली घरमालकांकडे आहे. मी पुण्याहून फोनवर कलमं वाचून दाखवू शकतो. सकाळी पाणी सोडायचं की नाही, हे ठरवणाऱ्या माणसाच्या समोर रोज राहायचं तिला आहे. म्हणून मी तिला 'कोर्टात चल' म्हटलं नाही, आणि तुम्हीही कुणाच्या खालाला लांबून बहादुरी शिकवू नका.

जे करता येण्याजोगं होतं ते केलं. चारही घरांना एकत्र बसवलं, लुकलुक मोजून दाखवली, पंपाची वेळ वहीत लिहायला लावली. आधी घरमालकांचा, मग समोरच्या खोलीतल्या भाभींचा विश्वास बसला. त्यांचे शौहर म्हणाले, "हिशेब ठीक आहे, पण आपण कशाला पुढे व्हायचं?" तिसऱ्या खोलीत नवीन लग्न झालेलं जोडपं होतं. त्या मुलीने मला विचारलं, "भाईजान, कूलरचं कसं मोजायचं?" तिची सासू म्हणे रोज त्यावरून बोलते. पंखा आणि पाण्याची मोटर मिळून १८० वॅट निघाले. दहा तासांचे १.८ युनिट. तिने ते मोबाइलमध्ये लिहून घेतलं आणि स्क्रीनशॉट काढून ठेवला.

चारशे रुपये बंद झाले. जिना आणि पंप आता चौघांत वाटला जातो, प्रत्येकी शंभर-एकशेदहा. खाला दर महिन्याला एक तारखेला मीटरचा फोटो काढून मला पाठवते आणि खाली स्वतः केलेली वजाबाकी लिहिते. सेट-टॉप बॉक्सचं बटण आता रात्री बंद असतं. चौदा रुपयांचा दर मात्र तसाच आहे. भाडेकरार आणि चार मीटरचे अर्ज भरून मी घरमालकांकडे दिले आहेत. वायरिंगचा खर्च चौघांनी वाटून घ्यायचं ठरलं. तीन घरं तयार आहेत, एक अजून 'बघू' म्हणतं. घरमालक म्हणाले, ईद होऊ दे, मग सही करतो. ईद होऊन तीन महिने झाले.